दिशा, वाहन आणि पादत्राण
एका चातुर्मासात पायी पाहिलेले पुणे

श्रावकाने दररोज धारण करावयाच्या चौदा नियमांत तीन नियम असे आहेत, की उंबरठ्याबाहेर पाऊल पडल्याशिवाय त्यांची कसोटी लागत नाही. आज पायांत किती जोड घालायचे, किती वाहनांत बसायचे आणि कोणत्या दिशेस कुठवर जायचे, हे ते तीन नियम. आहाराच्या नियमांची चर्चा आपल्या घराघरांत होते. द्रव्ये किती, विगई किती, सचित्त किती, याचा हिशेब मुलेसुद्धा अचूक सांगतात. उपानह, वाहन आणि दिशा या तिघांच्या वाट्याला मात्र उपेक्षा येते. सकाळच्या घाईत मोठा आकडा धरला जातो आणि दिवसभर तो आठवण्याचे कारण पडत नाही.

पुण्याच्या गुरुवार पेठेत राहणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या एका श्रावकांनी गेल्या चातुर्मासात याच तीन नियमांची गाठ चार महिन्यांसाठी एकत्र बांधली. कापडी पादत्राणांचा एकच जोड, वाहनाचा पूर्ण त्याग आणि दिशेला चार सीमा : पूर्वेस क्वार्टर गेट, पश्चिमेस लकडी पूल, उत्तरेस कसब्याच्या बाजूचे मुठेचे पात्र आणि दक्षिणेस सारसबागेजवळची दादावाडी. दवाखान्याचा तेवढा आगार ठेवला. चातुर्मासार्थ विराजमान असलेल्या साध्वीजींकडून त्यांनी पच्चक्खाण घेतले, तेव्हा घरच्यांना वाटले, गुडघ्यांच्या दुखण्यापुढे हा संकल्प पर्युषणापर्यंतही टिकणार नाही. तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत टिकला. या चार महिन्यांत बासष्ट वर्षांच्या ओळखीचे शहर त्यांनी पुन्हा एकदा, पावलापावलाने पाहिले.

संकल्पामागे एक कारण होते. ज्या जुन्या वाड्यात त्यांचा संसार झाला, तो पाडून तेथे नवी इमारत उभी राहणार होती. मुलांनी बिबवेवाडी परिसरात सदनिका पाहून ठेवली होती. पेठेतला हा शेवटचा चातुर्मास ठरण्याची शक्यता होती. जे सोडून जायचे, ते निदान नीट पाहून सोडावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

झुलत्या पुलावरचा पहिला धडा

पेठेत त्यांना सगळे 'आंबवडेवाले' म्हणतात. व्यापारी पेठेत आडनावापेक्षा गावाचे नाव अधिक टिकते. आंबवडे हे भोर तालुक्यातील डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. नागेश्वराचे प्राचीन देवालय, शिवकाळातील कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, भोरच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधी, एवढा इतिहास या लहानशा गावाच्या वाट्याला आला आहे. ओढ्यावर संस्थानकाळात बांधलेला झुलता पूल आहे. आंबवडेवाल्यांच्या वडिलांचे गावात किराणा मालाचे दुकान होते. मीठ, गूळ, रॉकेल आणि काड्यापेट्या द्यायच्या. बदल्यात कधी रोकड, कधी भात, कधी रानातून गोळा केलेला हिरडा घ्यायचा, असा तो व्यवहार.

त्या गावाला रस्ता म्हणावा असा एकच. बाकी सगळ्या वाटा. शेताकडे जाणारी वाट, पाणवठ्याची वाट, देवळाकडे उतरणारी वाट. पण चालण्याचा पहिला धडा त्यांना मिळाला तो झुलत्या पुलावर. वडील बोट धरून सांगत, पुलावर धावायचे नाही. आपण धावलो तर पलीकडून येणाऱ्या म्हातारीचा तोल जातो. समोरून कोणी आले तर आधी थांबायचे. पायाखाली पाहूनच पाऊल टाकायचे. पुढे प्रवचनांत पाच समितींचे विवेचन ऐकताना ईर्यासमितीचे वर्णन आले, साधूने युगप्रमाण म्हणजे जुवाच्या लांबीइतकी, सुमारे चार हात भूमी पुढे पाहून चालावे, बीज, हिरवे तृण, पाणी आणि जीवजंतू टाळावेत, लगबगीने किंवा हसत-बोलत जाऊ नये, असे दशवैकालिक सूत्राचे सांगणे कानी पडले, तेव्हा त्यांना तो पूल आठवला. आपल्या चालण्याचा हादरा दुसऱ्याला बसतो, ही जाणीव म्हणजेच यतना, असा अर्थ त्यांनी स्वतःपुरता लावला.

पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या वर्षी बारा वर्षांचा हा मुलगा कापूरहोळमार्गे एस.टी.ने कात्रजचा घाट उतरून स्वारगेटला आला. रविवार पेठेतील कापडगंजात मामांचे कापडाचे दुकान होते. पहिल्या आठवड्यात मामांनी त्याला शनिवार आणि नारायण पेठेतील भिंतींवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या. शहराचे रस्तेही बुडू शकतात, हे त्या मुलाला तेव्हा प्रथम कळले.

घराजवळचा रस्ता

व्रताच्या पहिल्या आठवड्यात पाऊस फार होता. त्यामुळे घर, देरासर आणि उपाश्रय एवढाच फेरा झाला. पाच मिनिटांची ही वाट आंबवडेवाले आजवर पंचवीस हजार वेळा तरी चालले असतील. पण पूर्वी ती दुकान उघडण्यापूर्वीच्या घाईत संपत असे. आता दुकान मुलांकडे होते आणि हातांत वेळ होता.

गुरुवार पेठेचे मूळ नाव वेताळ पेठ. पेशवाईत वसलेल्या या पेठेत एकीकडे गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर आहे, दुसरीकडे पंचहौदच्या चर्चचा मनोरा उभा आहे. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळी व्याख्यानाला गेली, तेथे चहा पुढे आला आणि त्यावरून प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. शेजारच्या गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा आहे. एका मैलाच्या आत एवढी माणसे आणि एवढ्या श्रद्धा नांदतात, हे इतकी वर्षे त्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. पण त्यांतून चालताना नजर नेहमी घड्याळावर असे. आता पहाटे देरासराची घंटा, थोड्या वेळाने मशिदीची अजान आणि रविवारी चर्चची घंटा असे तीन स्वर त्यांच्या पावलांच्या हिशेबात येऊ लागले.

याच आळीत त्यांना एक गोष्ट टोचली. साध्वीजी गोचरीला निघाल्या, की त्यांना रस्त्याच्या कडेने चालता येत नसे. कडेला दुचाकी उभ्या, दुचाकींच्या मध्ये दुकानाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर मालाची खोकी. मग मध्यातून चालावे तर मागून कर्णा वाजे. चार हात पुढे पाहून चालणाऱ्या व्यक्तीला मागे पाहून चालावे लागत होते. जे रस्ते श्रावकांनीच वसवले, त्या रस्त्यांवर ईर्यासमिती पाळणे सर्वांत कठीण झाले होते. आणि उभ्या दुचाकींपैकी दोन त्यांच्याच घरच्या होत्या.

नावे उरलेल्या आळ्या

श्रावणात उघडीप मिळाली, तसा फेरा वाढला. आयटी कंपनीत नोकरी करणारी नात आठवड्यातील दोन दिवस घरून काम करी. त्या दिवशी सकाळी ती सोबत येऊ लागली. आधी आजोबांची काळजी म्हणून, पुढे आवड म्हणून.

"दादाजी, बोहरी आळीत बोहरी आहेत, पण तपकीर गल्लीत तपकीर कुठे मिळते?" तिने एकदा विचारले.

"तपकीर गेली, बेटा. आता तिथे विजेचे सामान मिळते. पण पत्ता सांगताना आपण अजून तपकीरच ओढतो," असे ते म्हणाले आणि दोघेही हसले.

पुण्याच्या मध्यवस्तीचा हा स्वभाव आहे. रस्त्याला नाव दिले जाते ते तिथल्या कामाचे. कसब्यात तांबट आळी आहे, शिंपी आळी आहे, कुंभारवाडा आहे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे, कारण देवळापुढे पासोड्या विकल्या जात. हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या घोड्यांची पागा. तिथे मुलींची शाळा आली आणि आज पुणेकरांना 'हुजूरपागा' म्हटले की घोडे आठवत नाहीत, वेण्या घातलेल्या विद्यार्थिनी आठवतात. अप्पा बळवंत चौकाला नाव मेहेंदळे घराण्यातील सरदाराचे; प्रसिद्धी मात्र क्रमिक पुस्तकांची. नाव तेच राहते आणि आतला जीव बदलतो, हे पाहताना आंबवडेवाल्यांना पर्याय आणि द्रव्य यांचे विवेचन आठवे. द्रव्य टिकते, पर्याय पालटतात. सोने तेच असते, कडे मोडून कंठा होतो. रस्त्याचेही तसेच.

कापडगंजातील मामांच्या दुकानाच्या जागी आता दुसराच व्यवसाय आहे. त्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्यांनी गज आणि मीटर यांचा हिशेब शिकला. मीटर तेव्हा नवा होता. जुनी गिऱ्हाइके गज मागत आणि मुलाला मनातल्या मनात रूपांतर करावे लागे. मापात बोटभरही फरक पडू द्यायचा नाही, हा मामांचा दंडक. खोटी मापे ठेवणे हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, हे त्यांनी नंतर वाचले. कळले होते ते या ओट्यावर.

तिथून पुढे फडके हौदाचा चौक. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणले आणि ठिकठिकाणी हौद बांधले गेले. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, सदाशिव हौद, फडके हौद ही नावे त्या पाण्याची. नातीने हे ऐकून म्हटले, "म्हणजे पाणी आणि तुम्ही, दोघेही कात्रजवरूनच पुण्यात आलात." आंबवडेवाल्यांना हे वाक्य इतके आवडले, की पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते.

तांबट आळीत मात्र नाव आणि काम अजून एकत्र आहेत. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचा एकसारखा ठोका पडतो आणि भांड्याच्या अंगावर मठाराची नक्षी उमटते. घरे कमी झाली, हातोड्या कमी झाल्या, तरी आळीत शिरण्यापूर्वीच कानाला तिचा पत्ता लागतो. एका कारागिराने त्यांना बसायला पाट दिला. बोलता बोलता तो म्हणाला, "शेठ, लोक गाडीवरून येतात, फोटो काढतात आणि जातात. बसतं कोण?" त्या दिवशी वाहन-त्यागाचे फळ आंबवडेवाल्यांना रोकडे मिळाले.

पायी चाललेली माणसे

चालणे हा या शहराचा जुना संस्कार आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊली आणि तुकोबाराय यांच्या पालख्या पुण्यात मुक्काम करतात. तुकोबांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते, माऊलींची भवानी पेठेत. चातुर्मास सुरू होण्याच्या काही दिवस आधी हे वारकरी पेठेतून जातात. पेठेतील जैन व्यापारी त्यांच्यासाठी पाणी, चहा आणि फराळाची व्यवस्था करतात, पाय चेपून देतात. वारकरी वर्षाऋतूच्या तोंडावर चालू लागतो आणि जैन साधू त्याच ऋतूत चालणे थांबवतो. एकाने देवाच्या ओढीने चालायचे, दुसऱ्याने जीवदयेपोटी थांबायचे. दोघांचाही विश्वास पायांवर.

एका सकाळी आजोबा-नात गंज पेठेतून बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागेपर्यंत गेले. जुना वाडा आता उभा नाही. १८४८ साली येथे मुलींची शाळा सुरू झाली आणि शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंना रस्त्यात शेण-चिखलाचा मारा सोसावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात ही ओळ नातीने अनेकदा वाचली होती. परंतु त्या गजबजलेल्या रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. परतताना तिने एवढेच विचारले, की त्या रोज जाण्यासाठी रस्ता बदलत असतील का. आंबवडेवाले म्हणाले, "रस्ता बदलला असता, तर तू आज कामावर जातेस तो रस्ता उघडला नसता."

लक्ष्मी रस्त्यावरील दोन आवाज

क्वार्टर गेटपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जाणारा लक्ष्मी रस्ता हा व्रताच्या पूर्व आणि पश्चिम सीमा जोडणारा दोरा होता. सोन्या मारुती चौकातील सराफी दुकाने, पुढे कापडाच्या पेढ्या, डाव्या हाताला तुळशीबाग आणि मंडई. या रस्त्याने पुण्यातील किती लग्नांचे बस्ते बांधले, याची गणती नाही. आंबवडेवाल्यांनी स्वतःच्या बहिणीच्या लग्नाचा शालू याच रस्त्यावर उधार घेतला होता आणि ती उधारी पाच हप्त्यांत फेडली होती. त्या दुकानासमोर ते आजही क्षणभर थांबतात.

पर्युषणाची सांगता आणि गणेशोत्सवाचा प्रारंभ अनेकदा एकमेकांना लागून येतो. गेल्या भाद्रपदातही तसेच झाले. संवत्सरीच्या सकाळी देरासरात कल्पसूत्राच्या मूळ पाठाचे, बारसासूत्राचे वाचन झाले. रस्त्यावर ढोल-ताशे निनादत गणरायांचे आगमन सुरू होते. संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून मंडळी उपाश्रयाबाहेर आली, तेव्हा समोरच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ढोल थांबवले. हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणणाऱ्या वृद्धांना त्यांनी वाट करून दिली. त्यांतील एका तरुणाने आंबवडेवाल्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, वर्षभर तुमच्या दारात गाडी लावतो. माफ करा." त्यांनी त्याला जवळ घेतले. आपल्या घरच्या दोन दुचाकी त्यांच्या मनात होत्याच. क्षमा मागण्याची पाळी आधी आपली, असे त्यांनी त्या रात्री मुलांना सांगितले. दुसऱ्या आठवड्यापासून त्या दोन गाड्या पैसे भरून वाहनतळावर उभ्या राहू लागल्या. आळीतील अडीच-तीन हात जागा मोकळी झाली. साध्वीजींना त्या तेवढ्या जागेतून कडेने जाता येऊ लागले. पुढे आणखी चार घरांनी तसेच केले.

अडीच-तीन हात म्हणजे फार नव्हे. परंतु याच लक्ष्मी रस्त्यावर पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा भाग वाहनांना बंद असतो. व्रताच्या आधीच्या डिसेंबरात आंबवडेवाले तिथे गेले होते. रस्त्याच्या मध्यभागी मुले खडूने चित्रे काढत होती आणि एक वृद्ध दांपत्य हात धरून, मागे न पाहता, चालत होते. वर्षातून एक दिवस शहराला जमते, ते आळीला रोज का जमू नये, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून होता.

सीमेपलीकडचे रस्ते

सीमा आखताना काही प्रिय रस्ते बाहेर राहिले. व्रत घेण्यापूर्वीच्या रविवारी त्यांचा निरोप घ्यायला आंबवडेवाले नातीबरोबर लकडी पूल ओलांडून गेले होते. जंगली महाराज रस्त्याची कथा पुणेकर अभिमानाने सांगतात. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने हा रस्ता बांधला आणि दहा वर्षांची हमी दिली. हमी संपून कित्येक वर्षे लोटली, तरी त्या कामाचे नाव निघते. व्यापाऱ्याला यातला बोध वेगळा सांगावा लागत नाही. दिलेल्या शब्दाहून माल अधिक टिकावा, एवढेच मामा त्यांना कापडगंजात शिकवत होते.

पुढे भांडारकर संस्थेचा परिसर. ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेत हस्तलिखितांचा जो मोठा संग्रह आहे, त्यात जैन हस्तलिखिते विपुल आहेत आणि त्यांची वर्णनात्मक सूची प्राध्यापक हीरालाल रसिकदास कापडिया यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केली. मुनी जिनविजयजींचेही काही काळ पुण्यात वास्तव्य होते. आंबवडेवाल्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही त्या आवारातील झाडांखाली ते दरवर्षी एकदा जाऊन बसतात. आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेले जिथे जपले जाते, त्या वाटेवर निदान आपले पाऊल तरी पडावे, अशी त्यांची भावना.

मेट्रोचाही मोह होता. २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके त्यांच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आली. गाडीत बसवण्याचा नातीचा आग्रह त्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या दिवसासाठी राखून ठेवला. देशावकाशिक व्रताची मर्यादा घर, आळी, गाव, शेत, नदी, वन यांवरून ठरवावी, असे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे. मर्यादेपलीकडील क्षेत्राबाबत श्रावक त्या काळापुरता जणू महाव्रतीच होतो, कारण तिथे त्याच्याकडून कोणतीही हिंसा घडत नाही, हे त्यामागचे तत्त्व. चार महिने शहराच्या फार मोठ्या भागात आपल्यामुळे धूर झाला नाही, कर्णा वाजला नाही, कोणी चिरडले गेले नाही, या विचाराने त्यांना जे समाधान मिळाले, ते कोणत्याही सहलीने दिले नव्हते.

नवे घर, नवी सीमा

कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन झाले. चातुर्मास पूर्ण झाला आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर साध्वीजींनी विहार केला. संघातील मंडळी निरोप द्यायला निघाली. व्रताची मर्यादा संपली होती, म्हणून आंबवडेवाले दादावाडीच्या पुढे स्वारगेटपर्यंत गेले. चार महिने अरुंद आळ्यांतून चाललेल्या माणसाला तो चौक समुद्रासारखा वाटला. पांढऱ्या वस्त्रांतील तीन कृश आकृती, त्यांच्या पुढे-मागे उलट्या-सुलट्या धावणाऱ्या गाड्या, आणि पुढे कात्रजपर्यंत पदपथाचा भरवसा नाही. विहारातील अपघातांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या दिवशी नातीने पुढे होऊन दुपट्टा हलवत वाहने थांबवली आणि साध्वीजी पलीकडे गेल्या. त्यानंतर तिने आपल्या समवयस्कांचा एक गट जमवला. विहाराच्या दिवशी पहाटे दोघांनी पुढे, दोघांनी मागे चमकणारी जाकिटे घालून चालायचे, असा त्यांचा क्रम ठरला. अनेक गावांत अशी विहारसेवा चालते. या आळीत ती नव्हती, आता आहे.

राहिला प्रश्न घराचा. बिबवेवाडीत पाहिलेली सदनिका प्रशस्त होती. अकरावा मजला, उद्वाहन, बाग, व्यायामशाळा असे सारे काही होते. आंबवडेवाल्यांनी एकच विनंती केली : मला तिथून उपाश्रयापर्यंत एकदा चालून पाहू द्या. नात बरोबर गेली. अंतर जेमतेम बारा मिनिटांचे. पण मध्ये मोठा रस्ता, त्यावर ना सिग्नल, ना झेब्रा पट्टे. ते कडेला उभे राहिले. पाच मिनिटे गेली, सात गेली. गाड्यांची रांग तुटेना. त्यांनी पाऊल पुढे टाकले आणि मागे घेतले. नात काही बोलली नाही. संध्याकाळी तिने वडिलांना एवढेच सांगितले, "पप्पा, त्या घरात दादाजी राहतील, पण बाहेर पडणार नाहीत."

मुलांनी विचार केला. रक्कम गुंतली होती, निर्णय सोपा नव्हता. अखेरीस त्याच परिसरात, मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, देरासर आणि उपाश्रय ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचे लहान घर ठरले. एक खोली कमी आहे. बाग नाही. मात्र दारातून निघून उपाश्रयाच्या पायरीपर्यंत एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही.

घर घेताना आपण चटईक्षेत्र मोजतो, वाहनतळाच्या जागा मोजतो, शाळा आणि रुग्णालय यांचे अंतर विचारतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती कोणाचाही हात न धरता कुठवर चालत जाऊ शकेल, हे अंतर फारसे कोणी विचारत नाही. गोचरीला येणाऱ्या साधू-साध्वींना आपल्या दारापर्यंत कडेने येता येईल का, हेही विचारले जात नाही. चौदा नियमांतील ते तीन नियम हेच विचारायला शिकवतात.

सामान हलवण्यापूर्वी आंबवडेवाले नातीला घेऊन गावी जाऊन आले. या खेपेस वाहन होतेच. कापूरहोळहून भोर आणि भोरहून आंबवडे. ओढ्याजवळ पोहोचल्यावर नात पुलाकडे धावत सुटली. त्यांनी हाक मारली, "बेटा, सावकाश. पलीकडून कोणी येत असेल." ती थांबली. पलीकडून खरोखरच डोक्यावर भारा घेतलेली एक बाई येत होती. दोघे बाजूला उभे राहिले, बाई पूल उतरून गेली, पुलाचे डोलणे थांबले आणि मग त्यांनी पहिले पाऊल टाकले.